२३ रुपये ६० पैशांचा गुमास्ता: सेवा कशी आहे आणि ती मोजायची कशी

सेवा: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली छोट्या आस्थापनेने द्यायची ऑनलाइन सूचना, म्हणजेच नमुना ‘एफ’. कोणी तिला गुमास्ता म्हणतं, कोणी शॉप ॲक्ट.
कुठे मिळते: ‘आपले सरकार’ पोर्टलवर कामगार विभागात. मुंबईत महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याचं पोर्टल वेगळं आहे.
गुण: कायद्यातल्या बदलाला पाचपैकी चार, पोर्टलला अडीच, आणि या बदलाचा उपयोग झाला की नाही याच्या सरकारी मोजणीला एक.

तीन वेगळे गुण देण्याला कारण आहे. नियम कमी करणं, कमी झालेला नियम माणसाच्या हातात नीट पडणं आणि त्याने खरंच काही वाचलं का हे तपासणं, ही तीन निरनिराळी कामं आहेत. सरकार पहिल्याचा आकडा सांगून तिन्ही झाल्याचं जाहीर करतं. या सेवेत ते फार स्वच्छ दिसतं, म्हणून परीक्षणाला हीच निवडली.

आधी कायदा, कारण तिथे काम चांगलं झालंय. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमात एकही नोकर नसलेल्या टपरीवजा दुकानालाही नोंदणी लागायची आणि ठरावीक मुदतीने तिचं नूतनीकरण करावं लागायचं. दुकान उघडण्या-बंद करण्याच्या वेळा कायद्यात, आठवड्याचा बंदचा वार कायद्यात, आणि हे सगळं बघायला शॉप इन्स्पेक्टर. २०१७ चा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्याचे नियम मार्च २०१८ मध्ये आले. त्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सोडलं. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन माहिती द्यायची, पावती घ्यायची, संपलं. या पावतीला नूतनीकरण नाही. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येतं, फक्त कायद्याच्या कक्षेतल्या प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक सुटी मिळाली पाहिजे. इन्स्पेक्टरच्या जागी ‘सुविधाकार’ आला आणि तपासणीसाठी आस्थापना संगणकाने निवडायच्या असं ठरलं. दहा किंवा जास्त कामगार असतील तर तेव्हा नमुना ‘ए’ भरून नोंदणी घ्यावी लागायची, ती जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळते.

नूतनीकरण गेलं ही यातली सगळ्यात मोठी सुटका आहे, फी कमी झाली ही नव्हे. एकदाच लागणारा कागद आणि दर काही वर्षांनी लागणारा कागद यात फरक एका फेरीचा नसतो. नूतनीकरण म्हणजे तारीख लक्षात ठेवणं, चुकली की विलंब शुल्क, आणि ‘यंदा इन्स्पेक्टर बदललाय’ हे कोणीतरी कानात सांगणं. तो सगळा व्यवहार एका फटक्यात गेला. चार गुण त्यालाच.

दहाची मर्यादा आता कायमची धरून चालू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. सोबत रोजचे कामाचे तास नऊवरून दहा आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची कमाल मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास करण्याचंही त्यात होतं. अर्ज भरताना पोर्टल कामगारांच्या कोणत्या संख्येला कोणता नमुना उघडून देतं ते बघूनच पुढे जा. मोजताना मालकाच्या घरची माणसं आणि शिकाऊ उमेदवार ‘कामगार’ म्हणून धरत नाहीत. नवरा-बायको, मुलगा आणि आठ नोकर असं दुकान असेल तर संख्या आठच.

मर्यादा वाढली म्हणून बाकीचे कायदे सरकत नाहीत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ग्रॅच्युइटी दहा कामगारांपासून लागू होते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समितीही दहापासूनच बंधनकारक आहे. किमान वेतन एकाच नोकरालाही द्यावं लागतं. व्यवसाय कराची पीटीईसी नावनोंदणी तर मालकाच्या स्वतःच्या डोक्यावर आहे, नोकर असो-नसो, वर्षाला २५०० रुपये. ‘गुमास्ता काढला की सुटलो’ या समजुतीवर बसलेल्यांना पुढे याच कराची थकबाकी व्याजासकट भरावी लागते.

अर्ज भरताना

सेवाशुल्क २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २३ रुपये ६० पैसे. त्या किमतीत फॉर्म म्हणून ही चीज वाईट नाही. आस्थापनेचं नाव, पत्ता, व्यवसायाचं स्वरूप, सुरू झाल्याची तारीख, मालकाची माहिती, कामगारांची स्त्री-पुरुष संख्या, स्वयंघोषणापत्र. सोबत फोटो, सही, ओळखीचा पुरावा आणि मराठी पाटी दिसेल असा दुकानाचा फोटो. कागद तयार असले तर भरायला अर्धा-पाऊण तास पुरतो. कागद तयार नसतात, तिथे दिवस जातो.

पहिली अडचण फाइलच्या आकाराची. मालकाचा फोटो १६० बाय २०० पिक्सेल आणि ५ ते २० केबीच्या मध्ये बसला पाहिजे. कागदपत्रांना कमाल मर्यादा आहे तशी किमान मर्यादाही आहे, ७५ केबी. ही किमान मर्यादाच लोकांना चकवते. मोबाइलवरच्या ॲपने पॅन कार्ड ‘कॉम्प्रेस’ केलं की ते ४० केबीवर येतं आणि पोर्टल नाकारतं. माणूस समजतो फाइल मोठी झाली, म्हणून आणखी छोटी करतो, पुन्हा नकार. उपाय सोपा आहे: मूळ स्कॅन १०० डीपीआयच्या आसपास रंगीत जेपीजी करा आणि आकार ८० ते ९५ केबीच्या दरम्यान आणून ठेवा. खूपच लहान झाली असेल तर मूळ स्कॅन जास्त क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केला की आकार वाढतो. कागद वाचता येतो की नाही हे पोर्टल बघत नाही, केबी बघतं.

दुसरी, नावाचं लिप्यंतर. इंग्रजी रकान्यात नाव टाकून बाहेर क्लिक केलं की मराठी रकाना आपोआप भरतो आणि बहुतेक वेळा चुकीचा भरतो. ‘साई’चं ‘सै’ होतं, ‘ज्ञानेश्वर’ तर ओळखू येत नाही. तो रकाना हाताने दुरुस्त करता येतो, पण इंग्रजी रकान्यात पुन्हा गेलात की दुरुस्ती पुसली जाऊ शकते. म्हणून मराठी नाव सगळ्यात शेवटी, सबमिट करण्याआधी दुरुस्त करायचं. पावतीवर जे मराठी नाव छापून येईल तेच पाटीवर असायला हवं, आणि पुढे बँकेच्या शिक्क्यावरही.

तिसरी, पत्ता. वीजबिलावर, भाडेकरारात आणि पोर्टलच्या ड्रॉपडाउनमधल्या गावाच्या नावात तीन निरनिराळी स्पेलिंग असतात. ड्रॉपडाउन बदलता येत नाही, म्हणून बाकीचा पत्ता तरी भाडेकरारातल्या शब्दांत तसाच लिहा: गाळा क्रमांक, सर्व्हे क्रमांक, इमारतीचं नाव, त्याच क्रमाने. जीएसटी आणि उद्यम (छोट्या उद्योगांसाठीची केंद्राची नोंदणी) यांतही तोच पत्ता वापरा. बँकेतला तपासणारा माणूस तीन कागद शेजारी ठेवून अक्षरं जुळवतो, त्याला गाळा आणि दुकान एकच आहे हे माहीत असण्याची गरज वाटत नाही.

चौथी, सुरुवातीची तारीख. ६० दिवस उलटून गेलेले असतात म्हणून आजचीच तारीख टाकायची पद्धत पडली आहे. ती अंगाशी येऊ शकते. भाडेकरार, खरेदीची बिलं किंवा बचत खात्यातले व्यवहार त्याआधीचे निघाले की कर्जाच्या वेळी प्रश्न विचारतात: धंदा नक्की कधीपासून? तीन वर्षं जुना धंदा कागदावर आठ महिन्यांचा दिसला तर कर्जाची रक्कमही त्याच हिशेबाने ठरते. तारीख खरी टाकावी.

पाचवी, पैसे. खात्यातून रक्कम गेली आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. अर्ज क्रमांक लिहून ठेवा, अर्जाची स्थिती दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. व्यवहार बँकेकडून पोर्टलकडे उशिरा पोचणं हे नेहमीचं आहे. अर्ज क्रमांक मात्र पैसे भरण्याच्या पानाआधीच दिसतो आणि नंतर शोधायला जड जातं, म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावाच.

पाटीचा फोटो हा या सेवेतला सगळ्यात गमतीचा भाग. मराठी पाटीचा नियम २०२२ च्या दुरुस्तीने सगळ्याच आस्थापनांना लावला, दहापेक्षा कमी कामगारांच्याही. देवनागरी मराठी अक्षरं इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हे त्यात स्पष्ट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नियमाबद्दल तक्रार नाही, महाराष्ट्रातल्या दुकानावर मराठी पाटी असावीच. पण नवा धंदा सुरू करणाऱ्याकडे अर्जाच्या दिवशी पाटी नसते, कारण नाव पक्कं झाल्याशिवाय तो पाटी रंगवत नाही. घरून काम करणाऱ्या अकाउंटंटला किंवा वेब डिझायनरला तर पाटीची गरजच नसते. मग होतं काय, तर ए-फोर कागदावर मोठ्या फाँटमध्ये नाव छापून तो दाराला चिकटवतात, फोटो काढतात, कागद काढून टाकतात. पोर्टल खूश, नियम पाळला गेला. जो नियम सगळ्यांना कागद चिकटवून पाळता येतो, त्याचा भार तर पडतो आणि फायदा शून्य. खरी पाटी तपासायची तर ती रस्त्यावर तपासावी लागते, अपलोडच्या बटनावर नव्हे.

ही पावती चालते कुठे?

कायद्याच्या भाषेत इथे मंजुरी नाहीच. तुम्ही कळवलंत, सरकारने ‘कळलं’ म्हणून पावती दिली. पावतीवर जे आहे ते अर्जदाराने स्वतः सांगितलेलं. म्हणूनच ती स्वस्त आहे आणि म्हणूनच पुढच्या काउंटरवर अडते.

एकल मालकीच्या धंद्याला चालू खातं उघडायचं तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांप्रमाणे व्यवसायाचे दोन पुरावे लागतात. यादी मोठी आहे: उद्यमसह नोंदणी प्रमाणपत्र, दुकाने व आस्थापना कायद्याखालचं प्रमाणपत्र किंवा परवाना, जीएसटी प्रमाणपत्र, विक्रीकर आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं, धंद्याच्या नावे वीज-पाणी-टेलिफोनची बिलं, इत्यादी. दोन देणं शक्य नाही अशी बँकेची खात्री पटली तर प्रत्यक्ष जागेची पडताळणी करून एकावरही खातं उघडायची मुभा बँकेला आहे. मुभा आहे, सक्ती नाही. यादीत ‘प्रमाणपत्र/परवाना’ आहे आणि आपल्या हातात ‘सूचनेची पावती’ आहे. काही शाखा ती डोळे झाकून घेतात, काही ‘हे लायसन्स नाही’ म्हणून परत करतात. एकाच बँकेच्या दोन शाखांमध्येही एकमत नसतं.

व्यवहारात चालणारी जोडी म्हणजे नमुना ‘एफ’ची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, आधारवर होते, पूर्ण मोफत आहे. सरकारी वाटावं असं नाव घेऊन पैसे मागणाऱ्या खासगी साइट्स सर्चमध्ये वर येतात, तिथे फसू नका. पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तरच पुढे जा. ही जोडी नेऊनही शाखा अडली तर तोंडी वाद घालत बसू नका. ‘कोणत्या कारणाने स्वीकारत नाही ते लेखी द्या’ एवढंच म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा वरिष्ठाला विचारलं जातं आणि वरिष्ठाला यादी माहीत असते.

आता गंमत बघा. ज्याला एकही नोकर नाही त्याला कामगार कायद्याशी काही देणंघेणं नाही. तो नमुना ‘एफ’ भरतो कायद्याच्या धाकाने नव्हे, बँकेसाठी. कार्ड मशीनवाला मागतो, ऑनलाइन विक्रीचं संकेतस्थळ मागतं, मोठ्या कंपनीचा व्हेंडर फॉर्म मागतो, घरमालकही मागतो. सरकारने उद्या नमुना ‘एफ’ पूर्ण रद्द केला तर सरकारी यादीतलं एक अनुपालन, म्हणजे धंद्याने पाळायची एक अट, कमी होईल, आणि छोट्या धंदेवाल्याचं काम वाढेल, कारण बँकेला दाखवायला त्याच्याकडे एक कागद कमी असेल. मागणारा एक, देणारा दुसरा आणि नियम काढणारा तिसरा, असं असलं की तिसऱ्याने मोजलेली कपात पहिल्याच्या काउंटरवर लागू पडत नाही.

मोजणीला एकच गुण का?

फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पी भाषणात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी ३९ हजारांहून जास्त अनुपालनं कमी केल्याचं आणि ३४०० हून जास्त तरतुदींमधली गुन्हेगारी शिक्षा काढल्याचं सांगितलं. त्याच वर्षी जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या. जनविश्वासचा आकडा तपासता येतो, कारण कोणत्या कायद्याचं कोणतं कलम ते छापलेलं आहे. ३९ हजारांचा आकडा मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. त्या मोहिमेत प्रक्रिया सोपी करणं, डिजिटल करणं, तरतुदी सुटसुटीत करणं आणि कालबाह्य कायदे काढणं हे सगळंच ‘कपाती’त होतं. कागदी फॉर्म तसाच्या तसा ऑनलाइन आणला तरी तो खात्यात जमा. वर्षातून एकदा पाच जणांना लागणारं विवरणपत्र आणि दर महिन्याला पाच लाखांना लागणारं, दोघांचं वजन एक. अशा मोजणीत अधिकाऱ्यांना सोपी आणि निरुपयोगी कपात आधी करावीशी वाटते, आणि तसंच होतं.

धंदा करणं किती सोपं यावर राज्यांची क्रमवारी लावणारा केंद्राचा ‘ब्रॅप’ आराखडा तुलनेने शहाणा निघाला. सुरुवातीला राज्याने ‘केलं’ म्हणून पुरावा अपलोड करायचा आणि गुण घ्यायचे अशी पद्धत होती. पुढे वापरणाऱ्यांचा अभिप्राय घेणं सुरू झालं, आणि २०१९ च्या फेरीची क्रमवारी त्या अभिप्रायावरच बेतली होती. तिचा निकाल सप्टेंबर २०२० मध्ये लागला. महाराष्ट्र त्यात तेरावा, आधीच्या फेरीतही तेरावाच. नंतरच्या फेरीत क्रमांक देणंच बंद करून गट केले आणि महाराष्ट्र दुसऱ्या गटात बसला.

अभिप्राय घेणं चांगलंच, पण इथे एक बारीक भोक आहे. अर्जात मोबाइल नंबर कोणाचा असतो? बहुतेक दुकानदार अर्ज महा ई-सेवा केंद्रातून किंवा एजंटाकडून भरून घेतात आणि ओटीपीच्या सोयीसाठी एजंट स्वतःचाच नंबर टाकतो. ‘सेवा कशी वाटली’ हे विचारणारा फोन मग त्यालाच जातो, ज्याचं पोट पोर्टल अवघड असण्यावर चालतं आणि ज्याला ते रोज वापरून सोपं झालेलं असतं. तो खुशाल ‘उत्तम’ म्हणतो. त्रुटी निघाल्याचा एसएमएसही त्यालाच येतो, तो सांगायला विसरतो. म्हणून अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच टाकायला लावा. लॉगिनचं नाव आणि पासवर्डही लिहून घ्या. पुढे पत्ता बदलायचा असेल तर त्या लॉगिनशिवाय अडकाल.

धंदा करणं किती सोपं यावर देशांना क्रमांक देणाऱ्या जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ क्रमवारीचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. भारत १४२ वरून ६३ वर आला, मोजलं गेलं फक्त मुंबई आणि दिल्ली, तेही एका ठरावीक साच्याच्या काल्पनिक कंपनीपुरतं. आकडेवारीतल्या गडबडींच्या चौकशीनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती क्रमवारीच गुंडाळली. भारताचा आकडा खोटा होता असं यावरून ठरत नाही. पण वडूजच्या किराणा दुकानाला त्यातून काही कळत नव्हतं, हे तेव्हाही खरं होतं.

राज्याच्या पातळीवर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी आयोग अशी चढती वाट आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. हत्यार चांगलं आहे. पण ‘इतके टक्के अर्ज मुदतीत निकाली’ या आकड्याने नियमाचं ओझं कळत नाही. मुदत पूर्ण अर्जापासून मोजतात, त्रुटी काढून परत पाठवलेल्या अर्जाचा वेळ नागरिकाच्या खात्यात जातो. नमुना ‘एफ’सारख्या सेवेत तर मंजुरीच नाही. अशा सेवा एकूण बेरजेत धरल्या की टक्केवारी आपोआप चढते, आणि जिथे खरोखर सहीसाठी थांबावं लागतं तिथला विलंब त्यात बुडून जातो. डॅशबोर्ड बघताना एकूण टक्के सोडून द्या, एकेका सेवेची ओळ बघा.

मोजायची योग्य रीत जगाला माहीत नाही असं नाही. नेदरलँड्सने २००३ ते २००७ या काळात उद्योगांवरचा कागदी बोजा २५ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं आणि त्याआधी तो बोजा पैशांत मोजला: वर्षाला सुमारे १६.४ अब्ज युरो. सूत्र शाळेतल्या गणितासारखं आहे. एक माहिती देण्यासाठी किती तास लागतात, तासाचा खर्च किती, ती किती जणांना द्यावी लागते आणि वर्षातून किती वेळा. चौघांचा गुणाकार. तिथेही उद्दिष्ट गाठल्यावर व्यावसायिक म्हणत राहिले की आम्हाला फरक जाणवला नाही, कारण त्रास तासांत कमी आणि अनिश्चिततेत जास्त असतो. तरीही पाया पक्का होता: आधी मोजलं, मग कापलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००१ मध्ये वेगळी वाट धरली. कायदे-नियमांमधलं प्रत्येक ‘केलंच पाहिजे’ मोजून त्यात एक तृतीयांश कपात केली आणि ते जाहीर करत राहिले. ती मोजणी ढोबळ, पण एक गोष्ट साधली: नवा नियम आणायचा तर जुना काढून दाखवावा लागायचा.

नमुना ‘एफ’वर डच सूत्र लावून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले. फोटो-कागद जुळवायला एक तास, अर्जाला एक, फाइलचा आकार आणि लिप्यंतर यांच्याशी झटापट एक, पाटीचा कागद-फोटो अर्धा, बँकेत पावती पटवून द्यायला दोन खेपांचे तीन तास. साडेसहा तास. दुकानदाराचा तास १५० रुपयांचा धरला तर ९७५ रुपये, अधिक शुल्क २३ रुपये ६० पैसे, म्हणजे ९९८ रुपये ६० पैसे. एजंट जवळपास तेवढेच मागतो, म्हणजे बाजाराला हा हिशेब आधीच पाठ आहे. यात शुल्काचा वाटा अडीच टक्क्यांच्याही आत. सरकारने उद्या शुल्क माफ करून जाहिरात दिली तर दुकानदाराचे २३ रुपये ६० पैसे वाचतील. बँकेने पावती पहिल्या खेपेतच घेतली तर अंदाजे सव्वादोनशे. कात्री कुठे चालवायची हे या मोजणीत लगेच दिसतं. पावतीवर क्यूआर कोड, तो स्कॅन केला की पोर्टलवरची मूळ नोंद उघडते, आणि ‘सूचनेची पावती हा पुरावा म्हणून ग्राह्य’ असं बँकांना एका ओळीचं स्पष्टीकरण. नियम कमी न करता खर्च जवळजवळ पाव भागाने कमी होतो.

मोजणीचं दुसरं पान तर कोणी उघडतच नाही: नियम काढल्याने कोणाचं काय गेलं? मर्यादेखालच्या दुकानात काम करणाऱ्या नोकराला या कायद्यातली आठवड्याची सुटी, कामाच्या तासांची मर्यादा, आठ नैमित्तिक रजा, आठ सणांच्या भरपगारी सुट्या, हे लागू नाही. जुन्या कायद्यात छोटं दुकानही होतं. मर्यादा दहावरून वीसवर नेली की दहा ते एकोणीस कामगारांच्या दुकानातली माणसंही त्याच रांगेत येतात. मालकाच्या बाजूने हा योग्य निर्णय असू शकतो, वाद तो नाही. पण परिणाम तपासायचा तर मर्यादा बदलण्याआधी आणि दोन वर्षांनी त्याच दुकानांतल्या नोकरांना विचारावं लागेल: आठवड्याला सुटी मिळते का, दिवसाचे किती तास भरतात, ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट मिळतात का, दुकानात नवी माणसं घेतली का. तपासणी बंद, विवरणपत्र बंद आणि पाहणीही नाही, अशा स्थितीत ‘तक्रारी घटल्या’ हा आकडा निघतो खरा. तक्रार करायला कलमच उरलेलं नसतं.

मर्यादेच्या अगदी जवळ असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं. मर्यादा दहाची असताना नऊवर येऊन थांबलेली दुकानं बाजारात दिसायची, दहावा माणूस ‘रोजंदारी’वर किंवा भावाच्या नावाच्या दुसऱ्या पावतीवर. त्याने नियम टळत नाही, धंदा चुकतो. आणि पकडलं गेलं तर सर्वसाधारण उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर दोन लाखांपर्यंत. नमुना ‘ए’ची नोंदणी त्यामानाने काहीच नाही. कामगार वाढून मर्यादा ओलांडली की जुनी पावती पुढे ढकलत बसू नका, ६० दिवसांच्या आत नवा अर्ज टाका.

कोणी घ्यावी: चालू खातं, कार्ड मशीन किंवा ऑनलाइन विक्री हवी असलेल्या प्रत्येक छोट्या धंद्याने, पहिल्या दोन महिन्यांतच. कोणी एजंटाला पैसे द्यावेत: ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही आणि ज्याचा दिवसाचा गल्ला एजंटाच्या फीपेक्षा मोठा आहे त्याने जरूर द्यावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पावतीची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर घ्यावी. झेरॉक्सवर भागवू नये, बँक मूळ फाइल मागते. दुकान हलवलं, नाव बदललं किंवा बंद केलं तर तेही पोर्टलवर ३० दिवसांत कळवायचं असतं. बंद केल्याचं न कळवता तीच पावती भावाला वापरायला देणारे पुष्कळ आहेत. नवं खातं उघडताना पॅन जुळत नाही आणि सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते.